धुळीसोबत येणारी माणसं

यंदा गुब्रा लवकर आला. इथले, जिझानचे आंबे बाजारातून पुरते हटलेही नव्हते. दुपारी जेवून उठल्यावर माझी मुलगी सई खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "मम्मा, सी इज गॉन." मी ताट हातात घेऊनच गेले. खरंच समुद्र नव्हता. सकाळी पडदा सरकवला तेव्हा तो आपल्या जागी होता, निळसर आणि जरा तेलकट. आता तिथे एक पिवळट भिंत उभी होती, आणि त्या भिंतीच्या आत भर दुपारी गाड्यांचे दिवे पेटले होते.

गुब्रा म्हणजे इथला धुळीचा वारा. ऐन उन्हाळ्यात सुरू होतो आणि मग कित्येक आठवडे दुपारची नमाज झाली, दुकानांची शटरं खाली आली, की येतो. आमच्या कोकणात वादळ येतं ते सांगून सवरून, गर्जत. हा तसा नाही. आधी लांबचा मिनार जातो, मग जवळचा, मग समोरच्या इमारतीची वरची गॅलरी. कुणी एकेक वस्तू उचलून नेत असावं तसं. दाराच्या फटीत ओला टॉवेल खोचून ठेवला तरी संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठते. दातांत कचकच येते. उशीच्या अभ्र्याला जुन्या मातीचा वास येतो, आणि ही माती आपल्या गावची नाही, हे त्या वासावरून कळतं.

नवऱ्याला गुब्र्याचा राग येतो. रिफायनरीत त्याला बाहेर उभं राहावं लागतं. सईला मजा वाटते. मला काय वाटतं ते मी घरात कधी बोलले नाही. मला वाटतं, आता दारावर थाप पडेल, कुणीतरी विचारेल, घरात माणसं किती? माझ्या आयुष्यात असं कुणी कधी दारात आलेलं नाही. ही भीती माझी नाहीच. सर्दी लागावी तशी ती मला एका बाईकडून लागली, काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका मोसमात.

तिचं नाव नूरिया. सरहद्दीपलीकडच्या एडन बंदराची. सत्तरीच्या पुढची, हाडापेराने बारीक, पण मान अशी ताठ की पहिल्याच दिवशी मी नर्सला म्हटलं, या नक्की शिक्षिका असणार. होत्याच. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं म्हणून आमच्या इस्पितळात आल्या. ऑपरेशन ठीक झालं, पण जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. मी फिजिशियन, ताप आणि साखर बघायला रोज जायचे. शिवाय त्यांना विसरायला होत होतं, तेही माझ्याचकडे.

विसरणाऱ्या माणसाला आम्ही ठरावीक प्रश्न विचारतो. आज वार कुठला, आपण कुठे आहोत, देश कुठला. मी विचारलं, "खाला, आपण कुठल्या देशात आहोत?" खाला म्हणजे मावशी; वयस्क बायकांना इथे तसंच म्हणतात.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर धूळ दाटायला लागली होती. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "दुपारच्या आधीचा सांगू की नंतरचा?"

मला हसू आलं. सिस्टर बीना, आमची केरळची नर्स, तीही हसली. त्या हसल्या नाहीत.

"आधी बघून ये," त्या म्हणाल्या, "झेंडा कुठला लावलाय. मग सांगते."

एडन हे नाव मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक होतं. आपल्याकडच्या एका क्रांतिकारकाला इंग्रजांनी तिथल्या तुरुंगात टाकलं होतं, एवढंच. ते बंदर कित्येक वर्षं मुंबईहून चालवलं जात होतं, तिथल्या बाजारात आपला रुपया चालायचा आणि गल्लीत हिंदुस्तानी बोलली जायची, हे मला नूरियाखालांनी सांगितलं. त्या विशीत होत्या तेव्हा इंग्रज गेले. मग समाजवादी राज्य आलं. रस्त्यांची नावं बदलली, शाळेतला नकाशा बदलला, आणि वर्गात कुठली प्रार्थना म्हणायची नाही तेही बदललं. त्यातले मित्र-मित्र पुढे एकमेकांचे वैरी झाले, आणि एका जानेवारीत गल्लीगल्लीत गोळ्या चालल्या. मग दक्षिण आणि उत्तर एक झाली, मग त्यांच्यात लढाई, मग थोडी शांतता, मग आत्ताचं हे युद्ध. बाई त्याच घरात, त्याच जिन्यावर. देश तेवढे येऊन-जाऊन होते.

निरोगी माणसाच्या डोक्यात हे सगळं एकामागोमाग लावून ठेवलेलं असतं. नूरियाखालांच्या डोक्यातलं ते लावणं सुटलं होतं. सकाळी त्या ठीक असायच्या. बीनाने आणलेला मोगऱ्याचा गजरा उशाशी ठेवायच्या; इथे त्याला फुल्ल म्हणतात, आणि वास अगदी आपल्याकडचा. दुपारी वारा सुटला की हळूहळू त्यांचा चेहरा बदलायचा. एखाद्या दिवशी त्या गळ्यातला ताईत उशीखाली लपवायच्या आणि मला "कॉम्रेड" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी केस घट्ट झाकून घ्यायच्या आणि सांगायच्या, "भिंतीवरचे फोटो काढ, आज दुसऱ्यांचं राज्य आहे." कधी उठून बसायच्या, म्हणायच्या, "ऐक, बंदरावर बँड वाजतोय, इंग्रज निघाले." आणि मी, दोन पदव्या घेतलेली बाई, कान देऊन ऐकायचे. त्या वर्षांत सरहद्दीकडून कधी कधी दबका धमाका ऐकू यायचा, खिडकीची काच थरथरायची. त्या थरथरीत काय काय ऐकू येईल, सांगता येत नाही.

मी हिंदी बोलते हे कळल्यावर त्यांनी मला एक नाव दिलं. लीला. एडनला त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारी मैत्रीण. इंग्रज निघाले तशी तिची माणसंही बोटीने मुंबईला गेली.

"तुम वापस क्यों आया?" त्या मला दटावायच्या. "इधर से सब चला गया। तुम्हारा घर मैं ने ताला लगाया। फिर भी अंदर बर्तन का आवाज़ आता था। रोज़। चाय का टाइम।"

"आता आवाज येतो का, खाला?"

"अभी तुम आ गया ना," त्या म्हणायच्या. "अभी बंद।"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग सवय झाली. सवय झाली हे जास्त भयंकर. एकदा घरी चहाचे कप विसळताना मी मध्येच थांबले, आवाज होऊ नये म्हणून.

त्यांचा मुलगा सालेम जिझानमध्ये एसी दुरुस्तीचं काम करायचा. अजूनही करतो. गेल्या आठवड्यात आमच्या बेडरूमचा एसी धुळीने बसला तेव्हा तोच आला होता. दाढी आता पार पांढरी झाली आहे. निघताना म्हणाला, "दक्तूरा, या वर्षी धूळ जास्त आहे." मी म्हटलं, "हो." त्याच्या आईविषयी आम्ही बोललो नाही.

नूरियाखाला इस्पितळात होत्या तेव्हा तो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा असेल. युद्ध पेटल्यावर वाळवंटातून लांबचा वळसा घेऊन त्याने आईला इकडे आणलं होतं. इकाम्यासाठी, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यासाठी, आणि व्हिसाच्या मुदतीसाठी त्याने किती खेटे घातले ते इस्पितळातल्या सगळ्यांना माहीत होतं. एसीवाल्याला उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते. तो दुपारच्या सुट्टीत तेवढा यायचा, घरून शोरबा घेऊन, म्हणजे नेमका धुळीच्या वेळी. तोंडाला चौकड्यांचा रुमाल गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे, पापण्यांवर पिवळी पूड, खांद्याला लोखंडी हत्यारांची खळखळणारी पिशवी.

नूरियाखाला त्याला बघून पांढऱ्या पडायच्या. दोन्ही हात चादरीवर, दिसतील असे ठेवायच्या. आणि धडा म्हणायला उभ्या केलेल्या मुलीसारख्या म्हणायच्या, "मला एकच मुलगा आहे."

"अम्मा, मी सालेम."

"एकच आहे. आदिल. त्याला नेलंत ना तुम्ही? आता कुणी नाही."

आदिल म्हणजे सालेमचा मोठा भाऊ. त्या जानेवारीत, सालेम चौदा वर्षांचा असताना, बंदुका घेतलेले लोक घरी आले आणि त्यांनी आदिलला नेलं. वडिलांचं मूळ गाव चुकीच्या बाजूला होतं, एवढा गुन्हा. तो परत आला नाही, आणि त्याचं काय झालं हे कुणी सांगितलं नाही. वडील आधीच वारले होते.

सालेमने रुमाल काढून बघितला, तोंड धुऊन बघितलं, पिशवी बाहेर ठेवून बघितली. पण वारा वाहत असेपर्यंत तो तिचा मुलगा नव्हताच. शोरब्याचा डबा तो बीनाकडे द्यायचा आणि कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभा राहायचा.

एका दुपारी मला म्हणाला, "दक्तूरा, डोकं गेलं की माणूस मनातलं खरं बोलतो का?"

"तसं नसतं," मी म्हटलं.

"ती मला कधी लागेल असं एक अक्षर बोलली नाही. पण आता रोज तेच. एकच मुलगा. आदिल हुशार होता, देखणा होता, मला माहीत आहे. पण मी समोर उभा आहे ना? मी तिला इथवर आणलं. मग मी कोण?"

मी आजाराविषयी काहीबाही समजावलं. त्याने मान हलवली. मग सलग काही दिवस तो आलाच नाही. आला तो ठरवून आला. एडनच्या बाजूला चुलत बहीण होती, तिच्याकडे आईला धाडतो म्हणाला.

"तिला तिकडचीच माणसं दिसतात, तर तिकडेच राहू दे. खलास."

"सालेम, हा रस्ता त्यांना झेपायचा नाही. वाटेतच काही होईल."

"इथे तरी ती कुठे आहे?" तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गुब्रा असा आला की वॉर्डातले दिवे लावावे लागले. एसीच्या जाळीतूनही बारीक धूर यावा तशी धूळ येत होती. मी नूरियाखालांची नाडी बघत होते. त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"लीला, इधर आ। ज़ोर से मत बोल। वो लोग अभी सीढ़ी पे है। उनको हिंदी नहीं आता।"

मी वाकले. त्यांच्या श्वासाला तापाचा वास होता.

"कौन लोग, खाला?"

"बंदूकवाला। पूछा, लड़का कितना है? मैं बोली एक। आदिल सामने खड़ा था, उसको ले गया। फिर पूछा, और? मैं बोली, और नहीं। एक ही है। क़सम खाई।"

मग त्यांनी डोळ्यांनी न्हाणीघराच्या बंद दाराकडे खूण केली.

"छोटा टाकी में है। सालेम। पानी का टाकी, खाली है। मैं ने बोला, सांस मत लेना।"

आतून काही आवाज आला नाही, अर्थातच. तरी मी त्या दाराकडे बघायचं टाळलं.

"वो लोग रोज़ आता है," त्या म्हणाल्या. "रोज़ वही पूछता है। मैं एक दिन भूल गई, बोल दिया दो, तो? लीला, तू उसको ले जा। बोट में बिठा के बंबई ले जा। बंबई में टाकी में छुपना नहीं पड़ता ना?"

"नहीं, खाला," मी म्हटलं. "नहीं छुपना पड़ता."

त्या हसल्या. त्या मोसमातलं ते त्यांचं पहिलं हसू.

ज्या भाषेत त्यांनी हे लपवून ठेवलं होतं ती भाषा सालेमला येत नव्हती. तो कळता व्हायच्या आत ती बोलणारी माणसं एडनमधून निघून गेली होती. मी त्याला फोन केला आणि एवढंच म्हटलं, "आत्ता ये."

कॉरिडॉरच्या खिडकीपाशी उभं राहून मी त्याला सगळं अरबीत सांगितलं. माझी अरबी कामापुरती. ताप, रक्त, जेवलात का, एवढ्यासाठी शिकलेली. त्या शब्दांनी हे सांगायचं म्हणजे कठीण होतं, पण त्याला कळलं. टाकी हा शब्द मी उच्चारला तेव्हा त्याने भिंतीला हात टेकला.

"मला आठवतं ते एवढंच," तो म्हणाला. "काळोख. गंजाचा वास. बाहेर माणसं बोलत होती, पण पत्र्यातून नुसतं घुमत होतं, शब्द कळत नव्हते. मला वाटलं, ते आदिलचं नाव घेऊनच आले होते. किती मुलगे, असं विचारलं होतं?"

"हो."

"आणि ती म्हणाली एक."

"म्हणून तू राहिलास."

तो खाली बसला. तिथेच, फरशीवर, पिशवी मांडीवर घेऊन. खिडकीबाहेर रस्ता नव्हता, इमारती नव्हत्या. आत आम्ही दोघं आणि त्या पिवळ्या उजेडात त्याचा रुमाल वर-खाली होणारा. आपल्या जिवासाठी कुणी काय किंमत दिली हे माणसाला चौदाव्या वर्षी कळलं असतं तर त्याने काय केलं असतं, मला माहीत नाही. अर्ध्या आयुष्यानंतर कळल्यावर त्याने काय केलं ते मी पाहिलं. तो उठला. चेहऱ्यावरचा रुमाल काढायला हात वर गेला होता, तो खाली आला. उलट त्याने रुमाल आणखी घट्ट बांधला, पिशवी खांद्याला लावली आणि आत गेला. मी बाहेरच, दाराच्या काचेला लावलेल्या पडद्याच्या कडेला थांबले.

नूरियाखालांनी हात चादरीवर ठेवले. "मला एकच मुलगा आहे," त्या म्हणाल्या.

"ठीक आहे, खाला," सालेम जाड्या आवाजात म्हणाला. "एकच आहे. आम्ही बघितलं. आता आम्ही जातो, परत येणार नाही."

तो बूट वाजवत बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

आत सामसूम. मी पडद्याआडून बघत होते. त्यांनी कान दिले. बूट लांब गेले का, जिना उतरले का, खालचं दार लागलं का, हे सगळं त्यांनी ऐकलं, जे या इस्पितळात कुठेच नव्हतं. मग न्हाणीघराकडे तोंड करून त्या हळूच म्हणाल्या, "सालेम. बाहेर ये. गेले ते."

सालेमने कॉरिडॉरमध्ये रुमाल सोडला, पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि आत गेला. त्यांनी त्याला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला, दाढीवरून फिरवला, आणि हात तिथे थांबला. राठ, पिकलेले केस बोटांना कळले असावेत.

"इतका वेळ आत ठेवलं का रे मी तुला?" त्या म्हणाल्या.

"नाही, अम्मा. आत्ताच तर गेलो होतो."

एडनला धाडायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या मोसमात सालेम रोज यायचा, रोज बंदूकवाला व्हायचा, "आम्ही जातो" म्हणायचा आणि मग हाकेसरशी मुलगा होऊन परत यायचा. रोज नव्याने. परत येणार नाही, असं तो रोज सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी धूळ त्या बंदूकवाल्यांना घेऊनच यायची. पण मधला अर्धा तास त्या त्याच्या हातून शोरबा प्यायच्या. बीना म्हणायची, डॉक्टर, मला हे बघवत नाही. मलाही बघवत नसे. तरी मी त्या वेळेला तिथे असायचेच. भावाला नेणाऱ्याच्या वेषात आईच्या खोलीत शिरायचं, तेव्हा कुठे तिचा मुलगा होता यायचं. त्याने याबद्दल कधी तक्रार केली नाही.

पुढे जखमेचं विष अंगात भिनायला लागलं. धुळीचा जोर ओसरत होता. काही दुपारी तर समोरचा मिनारही दिसायचा. त्या शेवटच्या दिवसांतल्या एका दुपारी सालेम आत गेला तेव्हा नूरियाखालांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. हात चादरीखालीच राहिले. त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"मोठ्याला कुठे नेलंत?" त्यांनी विचारलं.

सालेम थबकला. हा प्रश्न त्याने स्वतः आयुष्यभर विचारला होता, कचेऱ्यांत, तुरुंगांच्या फाटकांवर, परत आलेल्या प्रत्येक माणसाला. त्याचं उत्तर द्यायची पाळी त्याच्यावर येईल, असं त्याच्या मनातही आलं नसेल. त्याने दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"समुद्राकडे नेलं, खाला," तो म्हणाला.

"चालत?"

"चालत. मान वर करून चालला होता."

"घाबरला होता?"

"नाही."

"उन्हाचं नेलंत," त्या म्हणाल्या. "पाणी दिलं होतं का त्याला?"

"दिलं," सालेम म्हणाला. आवाज जाडा ठेवायचा विसरला होता तो. "मी स्वतः दिलं."

त्यांनी मान हलवली. एखाद्या मुलीने नकाशावर बंदर बरोबर दाखवावं आणि बाईंनी हलवावी तशी. मग म्हणाल्या, "जा आता."

सालेम बाहेर आला, दार लावलं आणि माझ्या शेजारी भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. आतून हाक आली, रोजच्यासारखी, फक्त क्षीण. "सालेम. बाहेर ये. गेले ते." रोज तो हाकेसरशी आत जायचा. त्या दिवशी गेला नाही. पुन्हा हाक आली.

"सालेम," मी म्हटलं, "आई बोलावतायत."

"हो," तो म्हणाला. मग त्याने रुमाल सोडला, त्याच रुमालाने तोंड पुसलं, आणि आत गेला.